हजेरी आणि खुशाली

परवा सकाळी चहाचा कप हातात घेते न घेते तोच पुण्याहून नातीचा फोन. कशी आहेस, काय म्हणतेस काही नाही, थेट प्रश्न. "आजी, काल रात्री पावणेदोन वाजता काय करत होतीस?"

मी म्हटलं, "काय करणार? झोपले होते."

"खोटं नको बोलूस. तुझं लास्ट सीन एक शेहेचाळीस दाखवतंय."

आता काय बोलणार? झोप येत नव्हती म्हणून मोबाइलमध्ये साठलेले सुप्रभातचे गुलाब पुसत बसले होते. तेहेतीस वर्षं वर्गात उभी राहून मी दुसऱ्यांची हजेरी घेतली, आता सत्तरी उलटल्यावर माझी हजेरी घेणारं कुणी निघालं याचं हसू आलं. थोडं बरंही वाटलं. पण फोन ठेवल्यावर काहीतरी टोचत राहिलं. कारण अगदी हाच प्रश्न मी तिच्या बापाला तीस वर्षांपूर्वी विचारला होता. त्या वेळी व्हॉट्सॲप नव्हतं, मोबाइल नव्हता, आमच्या डोंबिवलीच्या घरात साधा फोनसुद्धा नव्हता. तरीही माझा मुलगा अमेरिकेत रात्री दोन वाजता जागा आहे हे मला इथे बसून कळलं होतं. कसं कळलं आणि पुढे काय झालं, ते आज लिहायचं आहे. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. इतिहासाच्या बाईंचा ब्लॉग आहे, तेव्हा वाचकांनी एवढं सोसावं!

मुलगा ऑगस्ट १९९४ मध्ये एम. एस. करायला गेला. पत्र पोचायला दहा-बारा दिवस, उत्तर यायला तेवढेच. आयएसडीच्या बूथमध्ये मीटरचे आकडे पळायला लागले की निम्मं बोलणं घशातच राहायचं. माझा भाचा तेव्हा मुंबईत एका संशोधन संस्थेत नोकरीला होता. तिथे अर्नेटची जोडणी होती. अर्नेट म्हणजे देशातल्या शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था जोडणारं जाळं, १९८६ साली सुरू झालेलं. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. म्हणजे आमची ही गोष्ट त्याच्याही आधीची.

ऑक्टोबरमध्ये भाचा दिवाळीचा फराळ न्यायला आला तेव्हा त्याने कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर एक छापील पान आणलं होतं. म्हणाला, "मावशी, हे बघ. आज दुपारी मी त्याच्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला विचारलं, हा मुलगा आहे का? त्याने हे उत्तर दिलं."

वर मुलाचं पूर्ण नाव. त्याखाली तो कोणत्या टर्मिनलवर बसला आहे, कधीपासून बसला आहे, शेवटचं बटण दाबून किती मिनिटं झाली. टपाल कधी आलं, कधी वाचलं. आणि सगळ्यात शेवटी दोन शब्द: नो प्लॅन.

मी चष्मा लावून ते पान तीनदा वाचलं. ह्यांनी दोनदा. हजारो मैलांवरचा आपला मुलगा चार मिनिटांपूर्वी कुठलंसं बटण दाबत होता, म्हणजे धडधाकट होता! मला तर देवापुढे साखर ठेवावीशी वाटली. पण त्या शेवटच्या दोन शब्दांनी मात्र माझी झोप उडवली. मी त्याच रात्री निळ्या एरोग्रामवर लहान अक्षरात पत्र लिहिलं. एवढं कर्ज काढून पाठवलं आहे, आणि तिथला कॉम्प्युटरसुद्धा जगाला सांगतो आहे की ह्या मुलापुढे काही योजना नाही, काही ध्येय नाही! माणसाने आयुष्याची आखणी कशी करावी यावर दीड पान.

त्या पत्राची आमच्या घरात अजून थट्टा होते. पण 'नो प्लॅन' म्हणजे नक्की काय, हे मला नीट कळलं ते निवृत्तीनंतर, भाच्याने घरी बसवून युनिक्सची ओळख करून दिली तेव्हा. त्याने काळ्या पडद्यावर 'हू' एवढंच टंकायला लावलं. म्हणजे 'कोण?' उत्तरादाखल एक ओळ आली, त्यात माझंच नाव. त्या यंत्रावर दुसरं कुणी नव्हतंच. भाचा म्हणाला, "मावशी, पूर्वी इथे पन्नास नावं दिसायची."

तर ती पन्नास नावं कुठून आली?

आज आपल्यापैकी प्रत्येकाकडे एक यंत्र आहे, काहींकडे तीन-चार आहेत. १९६० च्या दशकात उलट होतं. यंत्र एक आणि माणसं अनेक. गार ठेवलेल्या खोलीत एक भलामोठा संगणक, आणि त्याला तारांनी जोडलेली टर्मिनलं वेगवेगळ्या खोल्यांत. संगणक प्रत्येकाला क्षणाचा छोटा तुकडा देतो आणि लगेच पुढच्याकडे वळतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की यंत्र आपलंच आहे. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली ही पद्धत चालवून दाखवली. मला ते वाचताना चाळीतला सार्वजनिक नळ आठवला. एकाने बादली जास्त भरली की दुसऱ्याची धार बारीक होते. मग साहजिकच माणूस डोकावून विचारतो, "कोण आहे रे नळावर?"

'हू' ही आज्ञा म्हणजे तोच प्रश्न. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स तयार केलं. त्याच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि त्या पुस्तिकेत 'हू' आहे. म्हणजे युनिक्सला बोलायला यायला लागलं तेव्हापासून 'कोण आलं आहे?' हा प्रश्न त्याला येतो. पुढे 'डब्ल्यू' आलं, ते कोण आहे याबरोबर तो काय करतो आहे हेही सांगायचं. 'लास्ट' आलं, ते कोण कधी आलं आणि कधी गेलं याची यादी द्यायचं. शाळेच्या भाषेत सांगायचं तर 'हू' म्हणजे वर्गाची हजेरी, 'लास्ट' म्हणजे शिक्षकांचं मस्टर, आणि 'डब्ल्यू' म्हणजे व्हरांड्यातून फेरी मारणारे हेडमास्तर.

आणि शाळेचं जनरल रजिस्टर? तेही होतं. युनिक्समध्ये 'पासवर्ड' नावाची एक फाइल असे (नाव टंकताना काही अक्षरं गाळत). दर माणसामागे एक ओळ, ओळीत सात रकाने. खात्याचं नाव, क्रमांक, गट, राहण्याची जागा वगैरे. त्यातल्या पाचव्या रकान्याचं नाव 'गेकॉस'. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एका जुन्या संगणकप्रणालीचं ते नाव. बेल लॅब्जमधली मंडळी छपाईसाठी आपलं काम त्या प्रणालीच्या यंत्राकडे पाठवत, त्याला लागणारी ओळख ह्या रकान्यात लिहीत. ते यंत्र गेलं, छपाई गेली, पण रकाना राहिला, आणि त्यात लोक आपलं पूर्ण नाव, खोली क्रमांक, फोन नंबर लिहू लागले. आपल्याकडे नाही का, कलेक्टर कचेरी उठून गेली तरी स्टॉपचं नाव 'जुनी कचेरी'च राहतं. तसंच.

ही फाइल कुणालाही वाचता यायची. त्यात गुप्त शब्दसुद्धा सांकेतिक रूपात लिहिलेला असायचा, आणि तोही सर्वांना दिसायचा. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण यंत्रावरचे सगळे एकमेकांना ओळखत होते.

आता मुख्य पात्राकडे येते. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाची कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा होती, जॉन मॅकार्थी यांनी स्थापन केलेली. मुख्य परिसरापासून दूर, टेकड्यांमध्ये. तिथल्या यंत्रावर प्रत्येकाचं नाव फार तर तीन अक्षरांचं. मॅकार्थी म्हणजे 'जेएमसी'. 'हू' म्हटलं की अशा आद्याक्षरांची आणि टर्मिनलच्या क्रमांकांची यादी यायची. जुन्यांना ती पाठ, नव्याला मात्र काही उमगायचं नाही. तिथले व्यवस्थापक लेस अर्नेस्ट यांनी पाहिलं की लोक पडद्यावर बोट ठेवून यादीवरून खाली सरकत जातात. हा अमका, हा तमका, पण तो कुठे गेला, शेवटचा कधी दिसला? म्हणून १९७१ साली त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो आद्याक्षरांचं पूर्ण नाव सांगे, माणूस कुठे बसला आहे ते सांगे, नसला तर शेवटचा कधी होता ते सांगे. त्याचं नाव ठेवलं 'फिंगर'. बोट!

इंग्रजीत त्या शब्दाला दुसरेही अर्थ आहेत. एखाद्याकडे बोट दाखवून त्याला पकडून देणे, हा एक. असभ्य अर्थही आहे, आणि त्यावरून एका व्यवस्थापकाने पुढे अर्नेस्ट यांच्याकडे नाराजी कळवली होती. आपल्या मराठीत तर बोटाच्या दोन तऱ्हा अगदी स्पष्ट आहेत. लहान मूल आईचं बोट धरतं. आणि मोठी माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात. ह्या प्रोग्रॅमच्या नशिबात दोन्ही तऱ्हा होत्या.

लवकरच लोक म्हणू लागले की यंत्राने आमच्याबद्दल सांगावं हे ठीक, पण आम्हालाही काही सांगायचं असेल तर? मी सुट्टीवर आहे, अमक्या नंबरवर मिळेन, रात्रीच येतो. मग अर्नेस्ट यांनी त्यात 'प्लॅन' नावाची फाइल जोडली. तुम्ही तिच्यात जे लिहाल ते तुमच्याबद्दल चौकशी करणाऱ्याला उत्तराच्या शेवटी दिसायचं. ही होती ती भानगड! माझ्या मुलाने ती फाइल लिहिलेली नव्हती, म्हणून 'नो प्लॅन'. आणि मी त्याला आयुष्याच्या आखणीवर दीड पान लिहिलं.

अर्नेस्ट यांना अपेक्षा होती कचेरीतल्या हालचाल नोंदवहीसारखी. 'बाहेर गेलो आहे, चारला येतो.' पण माणसांनी तिथे कविता लिहिल्या, विनोद लिहिले, राजकारणावर मतं लिहिली. आपण ब्लॉगवर जे करतो तेच म्हणा ना.

पुढे यंत्रं एकमेकांना जोडली गेली. डिसेंबर १९७७ मध्ये केन हॅरेन्स्टीन यांनी, एका गावच्या यंत्राने दुसऱ्या गावच्या यंत्राला 'अमका आहे का?' हे कसं विचारावं याची रीत लिहून काढली. त्यासाठी ७९ क्रमांकाचं दार ठरलं. बर्कलीच्या युनिक्समध्ये १९७९ साली फिंगर आलं आणि ते विद्यापीठाविद्यापीठांत पसरलं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तर गंमत होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या विद्यार्थ्यांनी कोका-कोलाच्या यंत्राला तार जोडली. खाली जाऊन बघावं तर बाटल्या संपलेल्या, नाहीतर नुकत्याच भरल्यामुळे कोमट, असं व्हायचं. मग जागेवर बसून फिंगरने यंत्रालाच विचारायचं. कोणत्या कप्प्यात बाटली आहे, भरून किती वेळ झाला. तीन तास झाले की 'थंड' असं उत्तर. डिसेंबर १९९१ मध्ये डेव्हिड झिमरमन यांनी फिंगरचे सुधारित नियम लिहिले, त्यात विक्रीयंत्रांनी काय उत्तर द्यावं याचंही कलम आहे!

हे सगळं वाचताना मला एक वाडा दिसत राहतो. दारं उघडी, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाकडे कण्हण्याचा आवाज येतो, सगळं सगळ्यांना ठाऊक. त्रास होतो, पण आधारही असतो. मात्र वाड्याला दिंडी दरवाजा असतो आणि बाहेरचा माणूस आत आला की चार जणं विचारतात, कोण पाहिजे? ह्या वाड्याला दिंडी दरवाजाच नव्हता.

ऑगस्ट १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ७५ सेंटचा हिशेब लागेना. खगोलशास्त्राचे क्लिफर्ड स्टॉल तेव्हा संगणकाचं काम बघत होते, त्यांना तो शोधायला सांगितला. शोधता शोधता कळलं की कुणी परका माणूस यंत्रात शिरतो आहे, आणि तो वापरतो आहे ते खातं अशा माणसाचं की जो केव्हाच देश सोडून गेला होता. आत आल्यावर तो चोर आधी काय करी? 'कोण आहे?' असं विचारी. व्यवस्थापक जागेवर आहेत का ते बघे. स्टॉलही त्याच्यावर नजर ठेवून होते. माग काढत काढत तो माणूस जर्मनीतल्या हानोफरमध्ये सापडला. शेजाऱ्याने विचारायचा प्रश्न चोरही तितक्याच सहज विचारू शकतो, हे तेव्हा उघड झालं.

आणि २ नोव्हेंबर १९८८ ला तर कहरच झाला. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने आपोआप पसरणारा एक प्रोग्रॅम जाळ्यात सोडला. त्याला 'वर्म', किडा म्हणतात. तो ज्या वाटांनी शिरला त्यांतली एक होती फिंगरची. समजा अर्जात नावासाठी एकच रकाना आहे, आणि कारकून भाबडा आहे. नाव संपलं तरी पुढचा माणूस सांगतच राहिला तर तो लिहीतच राहतो, शेजारच्या रकान्यात, त्याच्याही शेजारच्या. शेवटी साहेबाच्या हुकमाच्या जागी त्या माणसाचे शब्द लिहिले जातात आणि तेच हुकूम म्हणून पाळले जातात. फिंगरच्या नोकर-प्रोग्रॅमने प्रश्नासाठी ५१२ अक्षरांची जागा ठेवली होती. किड्याने ५३६ पाठवली. जास्तीच्या अक्षरांनी यंत्र ताब्यात घेतलं. त्या वेळी नेटवर सुमारे ६०,००० यंत्रं होती, त्यांतली ६,००० च्या आसपास सापडली असा अंदाज नेहमी दिला जातो.

त्याहून मला लागली ती दुसरी गोष्ट. गुप्त शब्द ओळखण्यासाठी त्या किड्याने ती उघडी फाइल वाचली. आधी खात्याचं नावच गुप्त शब्द म्हणून लावून पाहिलं, तेच उलटं करूनही, आणि गेकॉसच्या रकान्यातलं माणसाचं नावही. मग स्वतःजवळची ४३२ शब्दांची यादी. आणि बरीच कुलपं उघडली! शेजारधर्म म्हणून दारावर लावलेली नावाची पाटी, तीच किल्ली झाली.

मॉरिसला १९९० मध्ये शिक्षा झाली. तीन वर्षं देखरेखीखाली, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. पण जगभरच्या व्यवस्थापकांनी एकेक करून ७९ क्रमांकाचं दार लावायला सुरुवात केली. गुप्त शब्दही सर्वांना दिसणाऱ्या फाइलमधून हलवून बंद फाइलमध्ये गेले.

सगळ्यांनी मात्र दार लावलं नव्हतं. माझ्या मुलाच्या विद्यापीठाने १९९४ मध्येही ते उघडं ठेवलं होतं, म्हणून तर ते पान आमच्यापर्यंत आलं. आता उरलेली गोष्ट सांगते.

माझ्या एरोग्रामला उत्तर पत्राने आलंच नाही. नोव्हेंबरमध्ये भाच्याने आणलेल्या पानावर 'नो प्लॅन'च्या जागी इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ होती. "आई, जेवलो. काळजी नको." अमेरिकेतल्या त्या यंत्रावर, जगात कुणीही विचारलं तरी तेच उत्तर! प्राध्यापकांनी विचारलं तरी "आई, जेवलो." मी ते पान ट्रंकेत ठेवलं आहे. दर शनिवारी भाचा यायचा, ओळ कधी बदललेली असायची. "बर्फ पडला." "वरण जमलं." "भूमितीत पास." माझा आठवडा त्या एका ओळीवर जायचा.

पण माणसाचं मन बघा. ओळ वाचून झाली की माझं लक्ष वर जायला लागलं, आकड्यांकडे. रात्री दोनला बसलेला, पहाटे चारला बसलेला. हा झोपतो कधी? डिसेंबरात बूथवरून फोन लावला आणि खुशाली विचारायच्या आधीच तोंडातून निघालं, "गुरुवारी रात्री दोनला कॉम्प्युटरवर काय करत होतास?"

पलीकडे शांतता. मीटर पळत होता. मग तो हळूच म्हणाला, "आई, पत्र लिही, हवं ते विचार. पण माझ्यावर नजर ठेवू नकोस."

त्या शनिवारच्या पानावर शेवटी पुन्हा दोन शब्द होते. नो प्लॅन.

मी रागावले. आईने विचारायचं नाही तर कुणी? भाचा बिचारा मधल्या मध्ये अडकला. मी पान बघणार नाही म्हटलं, पण त्याला विचारल्याशिवाय राहवायचं नाही. "आहे ना तो?" एवढंच. तो सांगायचा, "आहे गं मावशी." फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्याने खालच्या वाण्याच्या दुकानात फोन करून निरोप दिला. "सोमवारपासून यंत्रावर आहे. काळजी करू नको."

महिनाअखेरीस मुलाचं पत्र आलं. त्या सोमवारी प्रयोगशाळेतून ताप घेऊनच तो खोलीवर गेला होता, पडदा तसाच चालू ठेवून. तीन दिवस अंथरुणात. फ्लूचा न्यूमोनिया झाला होता. खोलीतल्या मित्राने उचलून विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. म्हणजे ज्या दिवशी आम्हाला 'यंत्रावर आहे' असा निरोप मिळाला, त्या दिवशी तो ग्लानीत होता.

भाच्याला फार वाईट वाटलं. त्याने त्या गुरुवारचं पान शोधून आणलं. तिथे लिहिलं होतं: सोमवार, ६ फेब्रुवारीपासून हजर. आणि त्याच ओळीच्या टोकाला: तीन दिवस बटण दाबलेलं नाही. यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं. आम्हीच ओळीचं पहिलं अर्धं वाचून थांबलो होतो. वर्गात एखादं पोर शेजाऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणतं आणि मी मान वर न करता टिंब देते, तसं झालं.

त्या पानाबद्दल मी पुढे पुष्कळ विचार केला. फिंगरच्या उत्तरात दोन भाग असायचे. वरचा भाग यंत्र सांगायचं: कधी आला, कधी गेला, किती वेळ स्वस्थ बसला. ती हजेरी. खालचा भाग माणूस स्वतः सांगायचा: जेवलो, बर्फ पडला. ती खुशाली. हजेरीचा हट्ट धरून मी हातातली खुशाली घालवली. ती ओळ चालू असती आणि एका शनिवारी बदलली नसती, तर आम्ही विचारलं असतं. कदाचित त्यानेच दोन शब्द लिहिले असते. तेवढं तरी.

मी त्याला लिहिलं, "चुकले." आईने मुलाला असं लिहायला वेळ लागतो, पण लिहिलं. मार्चमध्ये भाचा पान घेऊन आला. शेवटची ओळ होती, "आई, बरा आहे. खरंच." वरचे आकडे मी भाच्याला घडी घालून झाकायला लावले.

पुढे ते दारही बंद झालं. आजही फिंगर अगदीच मेलेलं नाही, पण बहुतेक यंत्रांवर ७९ क्रमांकाला कुणी उत्तर देत नाही. मधल्या काळात प्लॅनच्या फाइलने थोडं नाव कमावलं. १९९६ च्या सुमारास 'क्वेक' ह्या खेळाचे कर्ते जॉन कारमॅक रोज काय काम केलं ते तिथे लिहीत आणि जगभरची मुलं ते वाचायला फिंगर करत. मग ब्लॉग आले आणि खुशाली इकडे आली. हजेरी मात्र कुठे गेली नाही, उलट तिचा पसारा वाढला. मला हे वाचून आश्चर्य वाटलं की २००९ साली व्हॉट्सॲप निघालं ते संदेश पाठवायला म्हणून नव्हे. नावापुढे छोटी ओळ लिहायची, 'व्यायामशाळेत आहे', 'बॅटरी संपत आली', एवढीच मूळ कल्पना होती. म्हणजे अर्नेस्ट यांची प्लॅन फाइलच! आज ती ओळ कुणी वाचत नाही, सगळे बघतात ते लास्ट सीन आणि निळ्या खुणा. आपण आत्ता ऑनलाइन आहोत हे लपवायची सोय तर २०२२ मध्ये मिळाली. आणि स्टॅनफर्डच्या यंत्रावर निदान सगळे सगळ्यांना सारखे दिसत होते. आता आपली हजेरी कंपनीला पूर्ण दिसते, तिची आपल्याला कधीच दिसत नाही.

नातीवर मी रागावले नाही. तिला विचारायचा हक्क आहे, माझं बोट धरूनच मोठी झाली आहे. संध्याकाळी मी तिला फोन करून ही सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग काय करू, लास्ट सीन बघू नको?" मी म्हटलं, "बघ, पण ओळ पूर्ण वाच. आणि रात्री जागी दिसले तर सकाळी विचार, झोप का येत नाही?"

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "का येत नाही गं?"

त्यावर आम्ही पाऊण तास बोललो. ते इथे लिहीत नाही.

असो. फोन ठेवल्यावर मी माझ्या नावाखालची ती ओळ उघडून पाहिली. कंपनीने आपणहून लिहून ठेवलेलं एक इंग्रजी वाक्य तिथे वर्षानुवर्षं पडून होतं. ते पुसलं आणि लिहिलं, "जेवले. काळजी नको." मुलाचा दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता हसला. त्याची ओळ मी नंतर पाहिली. त्याने लिहिलं होतं, "नो प्लॅन."